डिमेन्शियाचा घरखर्च कसा मांडायचा आणि कुठे आवरायचा: सोलापूरच्या कुटुंबांसाठी

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या माणसामागे महिन्याला किती खर्च येतो असं विचारलं की घरचे गोळ्यांचा आकडा सांगतात. गोळ्या हा त्यातला लहान वाटा. मोठा वाटा कुठल्याच बिलावर छापून येत नाही: सुनेच्या वळायच्या राहिलेल्या विड्या, मुलाचे मागावर पडलेले खाडे, रात्रीची जागरणं, नातीची बुडालेली शाळा. हा वाटा कागदावर आला नाही तर भावंडांत पैशांची वाटणी नीट होत नाही, आणि सगळं करणाऱ्या बाईला वर "तू घरीच तर असतेस" हे ऐकावं लागतं. म्हणून आधी हिशोब कसा मांडायचा ते सांगतो, मग तो कुठे आवरता येतो ते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०१९ साली जगभरात डिमेन्शियाचा खर्च १.३ लाख कोटी डॉलर झाला. त्यातला जवळजवळ निम्मा म्हणजे घरच्यांनी बिनपगारी केलेल्या सेवेची किंमत. ही सेवा सरासरी रोज पाच तासांची, आणि त्यातले ७० टक्के तास बायकांचे. डिमेन्शियाची ६१ टक्के माणसं आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, पण खर्चाचा ७४ टक्के आकडा श्रीमंत देशांच्या नावावर आहे. आपल्याकडे सेवा कमी लागते असं मुळीच नाही. पगारी सेवा आपल्याकडे जवळजवळ नाहीच, आणि घरच्या बाईच्या तासाला जो मजुरीचा दर लावतात तो इतका कमी असतो की तिचे दिवसाचे दहा तासही कागदावर किरकोळ दिसतात. भारतात साठीपुढच्या माणसांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. यातली बहुतेक माणसं घरीच सांभाळली जातात, बरीचशी कुठलंही निदान न होता.

आठवडाभर तास मोजा

शंभर पानी वही घ्या आणि सलग सात दिवस भरा. आठवणीने लिहायला बसलात तर चुकेल, कारण कष्टाचे दिवस लक्षात राहतात आणि रोजची किरकोळ कामं गळून जातात. पानावर तीन रकाने पाडा. पहिल्यात अंगाची कामं: आंघोळ, संडास-लघवी, भरवणं, कपडे बदलणं, कुशीवर वळवणं. दुसऱ्यात माणसामुळे वाढलेली वरकामं: गोळ्या, धुणं, वेगळा स्वयंपाक, दवाखान्याच्या खेपा, बँक. तिसऱ्यात नुसतं लक्ष ठेवणं, म्हणजे दार उघडून बाहेर पडू नये, गॅस चालू करू नये म्हणून जवळ थांबणं.

तिसरा रकाना सगळ्यात फसवा. बाई स्वयंपाक करता करता सासूकडे लक्ष ठेवत असेल तर तो तास दोनदा धरू नका. पण लक्ष ठेवायचं म्हणून तिला घर सोडता आलं नाही, विड्या द्यायला कारखान्यात जाता आलं नाही, तर तो वेळ पूर्ण धरा. मधल्या टप्प्यात, जेव्हा माणूस चालता-फिरता असतो पण त्याला कशाचं भान राहत नाही, तेव्हा हाच रकाना सगळ्यात मोठा निघतो. रात्रीचं उठणं बहुतेक वह्यांत सुटतंच. उशाशी कॅलेंडर आणि पेन्सिल ठेवा, उठल्यावर एक रेघ ओढा, सकाळी मोजा. एका रेघेला २० मिनिटं धरली तरी चालतात.

मग त्या तासांना पैसे लावा

दोन रीती आहेत आणि दोन्ही वापरायच्या. पहिली: सेवा करणाऱ्याची किती कमाई बुडाली. दुसरी: तेच काम बाहेरच्या माणसाकडून करून घेतलं असतं तर किती द्यावे लागले असते.

सोलापूरच्या पूर्व भागातलं, विड्या आणि मागावर चालणारं एक घर धरू. खालचे सगळे भाव उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही टाका. सून आधी दिवसाला १,००० विड्या वळायची, आता ५५० होतात. हजारी २२० रुपये धरली तर दिवसाला ९९ रुपये गेले आणि २६ दिवसांचे २,५७४. मुलगा यंत्रमागावर आहे. दवाखान्यापायी त्याच्या महिन्यात दोन पाळ्या बुडतात, ६०० रुपयांप्रमाणे १,२००. बुडालेली कमाई ३,७७४ रुपये. विड्यांच्या हिशोबात अजून एक गळती आहे: मजुरी घटली की तिच्यावर कापला जाणारा फंड आणि बोनसही घटतो. तो आज दिसत नाही, तिच्या म्हातारपणी दिसतो.

आता दुसरी रीत. सुनेचे दिवसाचे सहा तास, महिन्याचे १८०, पगारी मदतनीस मावशीचा दर तासाला ५० धरला तर ९,००० रुपये.

रोख खर्च वेगळा. गोळ्या १,४००, डायपर २,७००, डॉक्टर आणि रिक्षा ८००, दूध-अंडी-मऊ खाणं ९००, साबण-फिनाईल आणि जादा पाणी ५००, वाढीव वीज २००. बेरीज ६,५००. म्हणजे घरच्यांच्या तोंडी गोळ्यांचे १,४००, खिशातून जातात ६,५००, बुडालेली कमाई धरली की १०,२७४, आणि तिच्या बुडालेल्या विड्यांऐवजी सुनेच्या कामाला बाजारभाव लावला तर, मुलाच्या पाळ्या धरून, १६,७००.

या उदाहरणात पुढचं कोडं दडलेलं आहे. सुनेचे चार तास मोकळे करायला मावशी ठेवली तर दिवसाला २०० रुपये जातील, आणि त्या चार तासांत ती फार तर ९९ रुपयांच्या विड्या जास्त वळेल. माणूस ठेवणं परवडत नाही. कमी मजुरीच्या घरातली बाईच कामावरून घरी बसते ती याच गणितामुळे. तिचं प्रेम जास्त म्हणून नव्हे, तिचा तास घरात सगळ्यात स्वस्त म्हणून. उलट घरात शिक्षिका, नर्स किंवा दुकान चालवणारी बाई असेल तर मदतनीस ठेवणं पहिल्याच महिन्यात सुटतं, आणि तरीही अशी बाई नोकरी सोडून बसलेली दिसते, कारण कोणी गणित केलेलं नसतं. निर्णय घेण्याआधी ते करा. नोकरी सोडल्यावर मागे जाता येत नाही, आणि हा आजार अनेकदा सात-आठ वर्षं, कधी त्याहून जास्त चालतो.

भावंडांत वाटणी

वरच्या घराचीच वाटणी करू. रोख आणि बुडालेली कमाई मिळून १०,२७४. आजींना स्वतःची ईपीएस-९५ ची, म्हणजे फंडावरची, किमान पेन्शन १,००० मिळते, ती आधी वजा करा. राहिले ९,२७४. तीन भावंडं असली तरी याचे तीन वाटे करू नका. ज्याच्या घरी आई आहे त्याच्या बायकोने ९,००० रुपयांचे तास आधीच दिलेत. रोख रक्कम उरलेल्या दोघांनी उचलायची, प्रत्येकी ४,६३७. पुण्यात किंवा हैदराबादेत असलेल्या भावाला हे आधी जड वाटतं; सात दिवसांची वही समोर ठेवली की बोलणं सोपं जातं. पैसे सुनेच्या खात्यावर जावेत, नवऱ्याच्या नव्हे. बुडालेली मजुरी तिची आहे.

पैशांबरोबर दिवसही वाटा. वर्षात निदान दोनदा आठ-दहा दिवस दुसऱ्या भावंडाने इथे येऊन राहायचं आणि सुनेने माहेरी किंवा कुठेही जायचं. आईला तिकडे न्यायचा मोह टाळा. जागा बदलली की गोंधळ वाढतो, रात्री घर शोधत उठणं सुरू होतं, आणि परत आणल्यावर घडी बसायला आठवडे जातात.

निदानावर पैसे कुठे घालायचे

सुरुवातीच्या सहा महिन्यांत सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. पहिली पायरी महागडी तपासणी नसून साधं रक्त आहे: हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, बी-१२, क्रिएटिनिन, सोडियम. बी-१२ ची कमतरता, थायरॉईड मंद असणं, नैराश्य, डोक्याला मार लागून आत साकळलेलं रक्त, यांनीही माणूस डिमेन्शियासारखा वागतो, आणि यांवर उपचार आहेत. शाकाहारी माणूस वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी घेत असेल तर बी-१२ आवर्जून तपासा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता. सर्दीची क्लोरफेनिरामाइनची गोळी, लघवीची ऑक्सिब्युटिनिन, झोपेसाठी दिलेली ॲमिट्रिप्टिलिन या तिन्ही म्हाताऱ्या माणसाची स्मरणशक्ती बिघडवतात. कधी एक गोळी बंद करूनच बराच फरक पडतो, आणि त्याला काही खर्च येत नाही.

मेंदूचा सीटी किंवा एमआरआय एकदा करायचा, फिल्म आणि रिपोर्ट जपून ठेवायचा. डॉक्टर बदलला म्हणून पुन्हा करायचं कारण नाही. तसं कारण म्हणजे नव्याने पडणं, अचानक एका बाजूचा अशक्तपणा, किंवा थोड्या दिवसांत झपाट्याने झालेली घसरण. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, मेडिसिन आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग आहेत. केसपेपर काढून सुरुवात तिथे करता येते. स्मरणशक्तीची चाचणी माणसाच्या मातृभाषेत व्हायला हवी. जन्मभर घरात तेलुगू किंवा कन्नड बोललेल्या, शाळा न पाहिलेल्या आजींना मराठीत उलटी वजाबाकी विचारली तर त्या निरोगी असूनही नापास होतील. सोबत असं माणूस न्या जे दोन्ही भाषा बोलतं आणि मधे उत्तरं सुचवत नाही.

औषधांत डोनेपेझिल ५ मिलिग्रॅमने सुरू करून चार ते सहा आठवड्यांनी १० पर्यंत नेतात. मेमँटिन आठवड्याला ५ ने वाढवत २० पर्यंत. ही औषधं आजार बरा करत नाहीत, काही जणांची घसरण काही काळ सावरतात. डोनेपेझिलने मळमळ, जुलाब होतात आणि नाडी मंदावू शकते, म्हणून चक्कर आली तर लगेच कळवा. तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांना सरळ विचारा: फरक आहे का, चालू ठेवायचं का? स्वतःच्या मनाने मात्र एकदम बंद करू नका. चिठ्ठीवर मूळ औषधाचं नाव लिहून मागा आणि जनऔषधी केंद्रात भाव विचारा; गोळ्यांच्या बिलात सगळ्यात सोपी बचत हीच. स्मरणशक्तीची टॉनिकं, सिरपं, स्टेम सेलच्या जाहिराती यांवर एक रुपयाही घालू नका. माणूस शांत राहावा म्हणून दिलेल्या मानसविकाराच्या गोळ्यांनी या वयात पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. त्या लागल्याच तर कमीत कमी डोस, आणि किती आठवड्यांसाठी हे ठरवून.

धुणं, पाणी आणि डायपर

ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं तिथे अंथरुणात लघवी होणं हा पाण्याचा प्रश्न होतो. थर असे लावा: गादीवर मेणकापड, त्यावर चौघडी घातलेली जुनी सुती साडी, आणि कंबरेखाली सोलापुरी टॉवेल. टेरी टॉवेल भरपूर शोषतो आणि एकट्या बाईला पिळता येतो. सोलापुरी चादर खाली घालू नका. ती भिजली की पिळायला दोन माणसं लागतात, वाळायला दिवस जातो आणि पातळ झालेल्या कातडीला तिचा पोत बोचतो. पांघरायला ती उत्तम. खालचे तुकडे साधारण एक मीटर बाय दीड मीटरचे कापून कडा शिवून घ्या. दिवसाला दोन लागत असतील आणि पाणी चौथ्या दिवशी येत असेल तर आठ आणि वर दोन, असे दहा तुकडे हवेत. ओला तुकडा तसाच ढिगात टाकलात तर वास बसतो आणि धुताना पाणी दुप्पट लागतं. अर्ध्या बादलीत लगेच खंगाळून, पिळून, झाकणाच्या बादलीत ठेवा. रोज आंघोळ हवीच असं नाही. दोन तांब्यांत तोंड, काखा, जांघा, पाय पुसून कोरडं केलं तरी पुरतं.

डायपर दिवसाला तीन आणि ३० रुपयांचा एक धरला तर महिन्याला २,७०० होतात. दिवसा दर दोन तासांनी, आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांनी हटकून, संडासात किंवा कमोड खुर्चीवर नेऊन बसवलं तर बऱ्याच जणांचे दिवसाचे डायपर सुटतात. "जायचंय का?" असं विचारू नका, उत्तर नाहीच येतं, हात धरून "चला" म्हणा. रात्रीचा एकच डायपर राहिला तर खर्च ९०० वर येतो. घरात माणूस असलं तरच हे जमतं, त्यामुळे वाचलेले १,८०० ज्याने दर दोन तासांनी उठून नेलं त्याचे आहेत. वाटणीत तसेच धरा.

दवाखान्यात भरती टाळणं

महिन्याचा हिशोब एका भरतीत उधळला जातो. बहुतेक भरत्या चार वाटांनी येतात.

पडणं ही पहिली. खुब्याचं हाड मोडलं की शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर माणूस बहुधा पूर्वीसारखा चालत नाही. पायपुसणी आणि सतरंज्या उचला, खाट आणि संडासाच्या मधे रात्रभर छोटा दिवा, संडासात भिंतीत पक्का लोखंडी दांडा, ओली फरशी लगेच पुसणं. एवढा खर्च एकदाच आणि थोडा.

दुसरी घशाची. नंतरच्या टप्प्यात गिळणं बिघडतं, अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. कडक भाकरी आणि शेंगाची कोरडी चटणी बंद. भाकरी आमटीत किंवा दुधात पूर्ण कुस्करून, चटणी हवीच असेल तर दह्यात कालवून. पातळ पाण्याने ठसका लागत असेल तर ताक, पेज, कढण असं थोडं दाट द्या. ताठ बसवून, लहान चमच्याने, एक घास गिळल्याची खात्री करून दुसरा. जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका.

तिसरी उन्हाची. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो आणि डिमेन्शियाच्या माणसाला तहान कळत नाही. एक लिटरच्या बाटलीवर पट्ट्या मारून ठेवा आणि दिवसभरात दीड लिटर पोटात जातं का ते बघा; हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून. दोन दिवसांत माणूस एकदम भ्रमिष्ट झाला, दिवसा झोपाळला, तर "आजार वाढला" म्हणून बसून राहू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, सोडियम घसरणं यांपैकी काहीतरी असतं, आणि त्याच दिवशी दाखवलं तर थोडक्यात निभावतं.

चौथी पाठीवरच्या जखमेची. माकडहाड आणि टाचा रोज उजेडात बघा. लाल डाग दाबून पांढरा पडत नसेल तर जखम सुरू झाली. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचेखाली नव्हे तर पोटरीखाली उशी. हवेची गादी आणि कमोड खुर्ची विकत घेण्याआधी भाड्याने बघा. बऱ्याच गावांत संस्था आणि मंडळं रुग्णसाहित्य अनामत घेऊन फुकट देतात; आपल्या भागात चौकशी करा.

घरातून निघून जाणं ही भरतीची वाट नाही, पण शोधाशोधीत दोन-तीन माणसांचे खाडे पडतात आणि जिवाला घोर लागतो. बंडीच्या किंवा पोलक्याच्या आतल्या बाजूला फोन नंबर शिवा. खिशातली चिठ्ठी माणूस काढून टाकतो. कडी दाराच्या अगदी वर किंवा अगदी खाली लावा. गड्ड्याच्या यात्रेसारख्या गर्दीत नेऊ नका.

विड्यांच्या घरात अजून एक जपायचं: तंबाखूचं सूप माणसाच्या हाताला लागेल असं ठेवू नका, मूठ तोंडात जाते. आजींनी जन्मभर विड्या वळल्या असतील तर त्यांना तंबाखूशिवाय कापलेल्या पत्तीचे वाया जाणारे तुकडे आणि एक फडकं द्या. हातांना सवय असते, तास-दीड तास त्या शांत बसतात, आणि तेवढ्यात सुनेच्या शे-दीडशे विड्या होतात.

मावशी ठेवायची असेल तर

बारा तासांचा माणूस हा एकच पर्याय मदतनीस पुरवणारे ब्युरोवाले पुढे करतात. तुमच्या वहीत सगळ्यात जड तास कुठले ते बघा, बहुधा सकाळी सात ते अकरा, आणि तेवढेच विकत घ्या. माणसाची भाषा आधी विचारा. डिमेन्शियात नंतर शिकलेली भाषा बहुधा आधी जाते. फक्त तेलुगू उरलेल्या आजोबांपुढे फक्त मराठी बोलणारी मावशी दिवसभर ओरडत राहते आणि आठवड्यात काम सोडते. आधारची प्रत, पोलिसांकडून पडताळणी, कामांची लेखी यादी, महिन्याच्या सुट्ट्या आणि त्या दिवशी कोण, हे पहिल्या दिवशी ठरवा. पैसे वाचवायला मुलीची शाळा सोडवू नका. हा खर्च वहीत कधीच येत नाही आणि तो ती मुलगी जन्मभर फेडते.

कागद: माणूस समजून सही करतो तोवर

निदान झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत हे करा. बँकेचं खातं संयुक्त आणि "दोघांपैकी कोणीही" असं करून घ्या. सगळीकडे नॉमिनी तपासा. मृत्युपत्र करायचं असेल तर डॉक्टरांच्या त्या दिवशीच्या दाखल्यासह. नोंदणी सक्तीची नाही, पण पुढचं भांडण कमी करते. कुलमुखत्यारपत्रावर विसंबू नका. आपल्या कायद्यात ते देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारी संपते, म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच ते निकामी होतं. मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्याचं काम कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे, त्यामुळे मुंबईच्या खेपा वाचतात, तरी वकिलाचा खर्च उरतोच. पेन्शनसाठी हयातीचा दाखला दरवर्षी लागतो. सरकारी पेन्शनरांसाठी नोव्हेंबर, ८० च्या पुढे ऑक्टोबरपासून. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी बँकेचा माणूस किंवा पोस्टमन घरी येतो, आधी विचारून ठेवा.

घर नावावर करून घेऊन मग आईवडिलांना वाऱ्यावर सोडलं तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं २३ वं कलम आहे: सांभाळण्याच्या अटीवर केलेलं हस्तांतर रद्द होऊ शकतं, म्हणून बक्षीसपत्रात ती अट लिहून घ्या. याच कायद्याने प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह मागता येतो.

सरकारकडून काय मिळतं, काय नाही

सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत. राज्याची महात्मा जोतिराव फुले आरोग्य योजनाही आहे. कार्ड काढून ठेवा, खुबा मोडला तर उपयोगी पडेल. पण दोन्ही योजना मुख्यतः भरती झालेल्या रुग्णासाठी आहेत. डायपर, मावशी, रोजच्या गोळ्या यांतलं त्या काही देत नाहीत. डिमेन्शियाचा खर्च घरात होतो आणि विमा दवाखान्याच्या दारात सुरू होतो, ही आपल्या व्यवस्थेतली मोठी उणीव आहे.

६५ च्या पुढच्यांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत, वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर, कमोड खुर्ची, वॉकर, चष्मा, श्रवणयंत्र यांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. अर्ज समाजकल्याण कार्यालयात. कान आणि डोळे आधी नीट करा. ऐकू न येणारा माणूस आहे त्यापेक्षा जास्त भ्रमिष्ट वाटतो. श्रावणबाळ योजनेत महिन्याला १,५०० आहेत, पण कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० असल्याने कमावता मुलगा असलेली बहुतेक घरं बाहेर पडतात, अर्ज तहसीलमध्ये.

आयकर भरणाऱ्यांसाठी: १९६१ च्या कायद्याच्या ८०डीडीबी कलमात डिमेन्शियाचं नाव आहे. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असल्याचं प्रमाणित असेल आणि न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी असेल तर ज्येष्ठाच्या औषधोपचारासाठी १ लाखापर्यंत वजावट, फक्त जुन्या करप्रणालीत. एप्रिल २०२६ पासून नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, सीएला नव्या क्रमांकाने विचारा. बिलं महिनावार पाकिटात ठेवलेली नसतील तर यातलं काही हाती येत नाही.

ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाइन १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ. सांभाळणारी व्यक्तीच खचली, रडू आवरेना, माणसावर हात उगारला गेला, तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन १४४१६, दिवसरात्र.

वही दर तीन महिन्यांनी एक आठवडा पुन्हा भरा. रात्रीच्या रेघा तीनच्या वर गेल्या, खाताना ठसका सुरू झाला, किंवा उठवायला दोन माणसं लागू लागली, तर तीन महिन्यांची वाट न बघता त्याच आठवड्यात भावंडांना फोन करून वाटणी नव्याने करा.